ट्रायल

पोराला सांगितलं, ट्रायल घेऊन येतो.
खोटं नव्हतं ते.
एकवीस वर्षं पवनीत हेच करत आलो:
दुसऱ्याची गाडी, नाक्यापर्यंत,
बियाण्यांच्या फलकाशी वळायचं, परत.
जाताना तीन गिअर, येताना नुसते कान.

ही मात्र माझी.
टाकी अड्याळच्या दूधवाल्याची,
दोन्ही बाजूंना कॅन घासल्याचे चट्टे.
पुढचं चाक सिंदपुरीच्या मास्तरांचं,
शाळा आणि घर, यापलीकडे कधी न फिरलेलं.
इंजिन एका बँडवाल्याचं, ऐन लग्नसराईत बसलेलं,
पावसाळाभर माझ्याकडे तेलाच्या डब्यात पडून होतं.
बाकी नट-बोल्ट कोणाकोणाचे, आता आठवत नाही.
एवढ्या लोकांची गाडी
आणि सीटवर मी एकटा.

फलक आला तसं हँडल आपसूक उजवीकडे कललं.
म्हटलं, नाई गा. आज सरळ.

माघाची सकाळ.
धानाच्या धसकटात लाखोळी निळी झालेली,
धुकं नदीवरून उठून रस्त्यावर येऊन बसलेलं.
नदी दिसत नव्हती, वास येत होता तिचा:
शेवाळ, डोंग्याचं डांबर, कोणाच्या तरी चुलीचा धूर.
एका गावात रात्रीचं नाटक नुकतंच सुटलेलं.
राजा पडदे गुंडाळत होता, मिशी तशीच,
बशीतला चहा मिशीला लागू नये म्हणून
ओठ पुढे काढून पीत होता.
मला बघून हात केला,
जणू माझ्याच गाडीची वाट पाहत होता.

चैन जरा सैल वाजत होती.
थांबलो नाही.

मग रस्ता पाण्यात गेला.
म्हणजे खरंच गेला: डांबर, कडेचा पांढरा पट्टा,
मैलाचा दगड गुडघाभर बुडालेला,
आणि पुढे धरणाचं मागचं पाणी,
त्यात वाळल्या झाडांचे शेंडे,
शेंड्यांवर पंख वाळवणारे पाणकावळे.
नवा रस्ता मघाशीच टेकडीकडे वळला होता,
माझं लक्ष चैनीच्या आवाजात.

डोंग्यातून एक म्हातारा आला.
न विचारताच नाव सांगितलं, फागोजी मारबते.
"कोठं चालला गा?"
कुठंच नाही, म्हटलं. ट्रायल.
"मंग सरळ जाजो," तो म्हणाला,
"कोसभर गेला का आमचं घर. दार उघडंच हाये."
आणि इतका हसला की डोंगा हलला.

मोहाच्या झाडाखाली त्याच्या पोराची गाडी उभी,
पोरगा पुण्यात, गाडी दिवाळीपासून मुकी.
सुट्टी होती माझी,
पण खिशात पॉलिशपेपर होताच.
प्लग काढला, घासला, फुंकला.
तिसऱ्या किकला आवाज फुटला
आणि शेंड्यांवरचे पाणकावळे एकदम उडाले.
म्हातारा सीटवर बसला.
कुठं गेला नाही.
पाण्याकडे तोंड करून मूठ पिरगाळत राहिला,
थोडी, मग जास्त, मग थोडी.
मी लांब जाऊन उभा राहिलो.
बऱ्याच वेळानं त्यानं चावी फिरवली.
"पेट्रोल महाग हाये बाप्पा."
पैसे घेत नाही म्हटल्यावर
दुपट्ट्यात उकडलेले शिंगाडे बांधून दिले,
"दुपट्टा आणून देजो."

परतीला ऊन पाठीवर नव्हतं, डाव्या गालावर नव्हतं,
कुठंच नव्हतं; पळसाला काळ्या कळ्या तेवढ्या दिसत होत्या.
फलकाशी आलो.
या बाजूनं त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही,
हे मला माहीत नव्हतं.

पोरानं शटर अर्धं ओढलेलं.
"किती किलोमीटर झालं, उस्ताद?"
मीटरची केबल मी जोडलीच नव्हती कधी.
"मंग, निघाला का फॉल्ट?"
चैन सैल आहे, म्हटलं. एक कडी काढावी लागेल.
पान्यांच्या ट्रेमध्ये शिंगाडे ओतले.
दोघांनी दातांनीच सोलले,
प्रत्येकाला थोडं थोडं ग्रीस लागत होतं.